जळगावच्या उन्हाळ्यात ऑटोसॅम्पलर: व्हायल भरण्यापासून सिक्वेन्स संपेपर्यंत

ऑटोसॅम्पलर म्हणजे छोट्या काचेच्या बाटल्यांतून (व्हायलींतून) सिरिंजने नमुना उचलून तो आपोआप विश्लेषणाच्या यंत्रात सोडणारं मशीन. त्याचं मॅन्युअल लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पंचवीस अंशांची शांत खोली असते. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो. दुपारी लाइट गेली की यूपीएसवर मशीन चालू राहतं, पण एसी बंद पडतो, आणि जीसीचं (गॅस क्रोमॅटोग्राफचं, म्हणजे नमुन्याची वाफ करून त्यातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राचं) ओव्हन प्रत्येक रननंतर थंड होताना मागच्या बाजूने गरम हवेचा लोट खोलीत सोडत राहतं. अशा खोलीत हेक्झेन, अ‍ॅसिटोन, डायक्लोरोमिथेन अशी पटकन उडणारी सॉल्व्हंट (नमुना विरघळवणारी द्रवं) भरलेल्या व्हायली रात्रभर ट्रेमध्ये उभ्या राहणार असतात. मॅन्युअलमधलं सगळं खरंच असतं, पण आपल्याला त्यात बरंच जोडून घ्यावं लागतं. ते जोडलेलं इथे लिहिते आहे.

मी जळगावच्या एमआयडीसीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत जीसीचा विभाग बघते. सावदा-रावेरकडची केळी, नंदुरबारची मिरची, धुळ्याकडचं शेंगदाणा तेल, आणि कापसाच्या या पट्ट्यात हमखास येणारं सरकीचं तेल, हे आमचे नेहमीचे नमुने. केळी-मिरचीत कीटकनाशकांचे अंश बघायचे, तेलात फॅटी अ‍ॅसिडची मांडणी. एम. एस्सी. करून येणाऱ्या मुलामुलींना कॉलम (घटक वेगळे करणारी लांब, बारीक नळी) कसा काम करतो हे छान माहीत असतं. व्हायलचं झाकण किती घट्ट लावायचं हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि निकाल बिघडतो तो बहुतेक वेळा तिथेच.

खाली जे आहे ते २ मिलीच्या व्हायली आणि १० मायक्रोलिटरची सिरिंज असलेल्या जीसीच्या लिक्विड ऑटोसॅम्पलरबद्दल आहे. कंपनी कुठलीही असो, टॉवर (सिरिंज वरखाली करणारा खांब), व्हायलींचा ट्रे आणि सिरिंज धुवायच्या सॉल्व्हंटच्या, म्हणजे वॉशच्या, बाटल्या हा संसार सारखाच असतो.

हाताऐवजी मशीन का

हाताने इंजेक्शन देणारे चांगले हात मी पाहिले आहेत. तरीही सुई गरम इन्लेटमध्ये (यंत्रात नमुना आत जातो त्या तोंडात) किती वेळ राहते हे माणसागणिक आणि दिवसागणिक बदलतं. सुई आत रेंगाळली की सुईच्या पोकळीतलं द्रव उकळायला लागतं. हलके घटक आधी निघून जातात आणि जड घटक सुईतच चिकटून राहतात.

शेंगदाणा तेलात हे फार महागात पडतं. शेंगदाण्याची ओळख ज्यावर ठरते ती लांब साखळीची आम्लं, म्हणजे अ‍ॅरॅकिडिक, बेहेनिक आणि लिग्नोसेरिक, ही जड बाजूचीच. ती सुईत अडकली तर शुद्ध तेलातही त्यांचा टक्का कमी दिसेल, आणि तेलात सरकी किंवा पाम मिसळलाय की काय असा संशय विनाकारण उभा राहील. कुणाच्या तरी घाण्यावर, कुणाच्या तरी धंद्यावर त्या आकड्याचा परिणाम होणार असतो. ऑटोसॅम्पलर सुई आत घालून, प्लंजर (सिरिंजचा दट्ट्या) दाबून सेकंदाच्या अंशात बाहेर काढतो, आणि दर वेळी अगदी तसंच करतो. तेलाच्या कामात याचं मोल मला सगळ्यात जास्त वाटतं.

पण मशीन व्हायलमध्ये जे असेल तेच उचलतं. व्हायलमधलं द्रव रात्रीतून बदललं, तर ते बदललेलं द्रवही तितक्याच इमानाने कॉलममध्ये सोडतं.

व्हायल आणि झाकण

व्हायल गळ्यापर्यंत भरू नका. २ मिलीच्या व्हायलमध्ये १ ते दीड मिली पुरे. वर हवेला जागा नसेल तर सुईने द्रव ओढलं की आत निर्वात तयार होतो, पुढच्या ओढीला सिरिंजमध्ये कमी द्रव येतं आणि पीकचा एरिया (आलेखातल्या घटकाच्या शिखराचं क्षेत्रफळ, ज्यावरून त्याचं प्रमाण कळतं) हळूहळू घसरत जातो. उलट, द्रव फारच थोडं असेल तर सुईचं टोक द्रवापर्यंत पोचतच नाही. सुई तळापासून काही मिलिमीटर वर थांबते, हे लक्षात ठेवा. नमुना खरोखर थोडाच असेल तर आत २५० मायक्रोलिटरचा काचेचा इन्सर्ट घाला आणि सॅम्पलिंग डेप्थची सेटिंग तपासा. इन्सर्टच्या तळाशी हवेचा बुडबुडा अडकला असेल तर व्हायलवर नखाने टिचकी मारा, तो वर येतो.

झाकणात सुईने टोचायची रबरासारखी चकती असते, तो सेप्टम. त्याच्या दोन बाजू असतात. गुळगुळीत, चकचकीत पीटीएफईची बाजू नमुन्याकडे, मऊ सिलिकॉनची बाजू वर. उलटा बसला तर सॉल्व्हंट सिलिकॉन खात बसतं आणि मास स्पेक्ट्रममध्ये २०७ आणि २८१ हे सिलिकॉनमुळे येणारे आयन डोकं वर काढतात. हे दोन आकडे दिसले की नमुन्यात काहीतरी नवीन सापडल्याच्या आनंदात राहू नका. सेप्टमकडे बघा, व्हायलचाही आणि इन्लेटचाही, शिवाय कॉलम ब्लीडही (कॉलमच्या आतल्या थरातून झिजून येणारा अंश) आठवा.

स्क्रूचं झाकण बोटांनी घट्ट होईल इतकंच लावायचं. जोर लावून पिळलं की सेप्टम आत खोलगट होतो आणि सुईच्या दाबाने व्हायलमध्ये पडू शकतो. क्रिम्पचं झाकण लावून झालं की बोटांच्या चिमटीत धरून फिरवून बघा. फिरलं तर सैल आहे. सेप्टमला वरून खळगा पडला असेल तर क्रिम्पर जास्त आवळतोय, त्याचा स्क्रू थोडा सैल करा. प्रत्येक नव्या डब्यातल्या पहिल्या पाच-सहा झाकणांना ही परीक्षा द्या, कारण झाकणांचा पुरवठादार बदलला की अ‍ॅल्युमिनियमची जाडीही थोडी बदलते.

व्हायलवर नाव लिहायला पेन्सिल किंवा व्हायलच्या पांढऱ्या पट्टीवर चालणारं पेन घ्या. कागदी लेबल चिकटवलंत तर व्हायल जाड होते, ट्रेच्या खाचेत अडकते, आणि मशीनचा हात ती उचलताना थबकतो. लेबल लावायचंच तर आधी रिकाम्या खाचेत व्हायल घालून-काढून बघा.

उष्णता

हा भाग सावकाश वाचा.

डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उकळतं. आपल्या खोलीचं तापमान एसी नसताना किती जातं ते तुम्हाला माहीत आहे. टॉवर इन्लेटच्या डोक्यावर बसलेला असतो, त्यामुळे टरेटमधल्या (टॉवरखालच्या फिरत्या चकतीतल्या) व्हायली खोलीपेक्षाही गरम राहतात. म्हणजे मे महिन्यात दुपारी टरेटमध्ये ठेवलेलं डायक्लोरोमिथेन उकळीच्या काठावर असतं, आणि सुईने ओढताना निर्माण होणाऱ्या कमी दाबात ते सिरिंजमध्येच वाफ होऊन बुडबुडा बनतं. पीकचा एरिया कधी अर्धा, कधी पूर्ण, असं दिसलं की सिरिंजला दोष देण्याआधी सॉल्व्हंटचा उत्कलनबिंदू आठवा. अ‍ॅसिटोन ५६, हेक्झेन ६९, इथाइल अ‍ॅसिटेट ७७, अ‍ॅसिटोनायट्राइल ८२, आयसोऑक्टेन ९९. पद्धत परवानगी देत असेल तिथे उन्हाळ्यात या यादीत जास्त उत्कलनबिंदूकडे सरका. फॅटी अ‍ॅसिड मिथाइल एस्टरसाठी (तेलातली आम्लं जीसीवर चालवायला या रूपात आणतात) हेक्झेनऐवजी आयसोऑक्टेन किंवा हेप्टेन छान चालतं. पद्धत बदलली की पडताळणी पुन्हा करावी लागते. ती हिवाळ्यातच उरकून ठेवा, म्हणजे मार्चमध्ये धावपळ होत नाही.

हेक्झेनचा बाष्पदाब २० अंशांवरून ४० अंशांवर जाताना दुपटीहून जास्त होतो. झाकण अखंड असेपर्यंत फार बिघडत नाही. एकदा सुईने सेप्टमला भोक पाडलं की वाफेला वाट मिळते. म्हणून एकदा टोचलेली व्हायल दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवायची असेल तर टोचल्यावर लगेच झाकण बदला आणि व्हायल फ्रीजमध्ये ठेवा.

किती उडतं हे अंदाजाने ठरवू नका, वजन करून बघा. तीन व्हायलींमध्ये प्रत्येकी १ मिली हेक्झेन घ्या, झाकण लावा, अ‍ॅनालिटिकल बॅलन्सवर वजन टिपा. एक न टोचलेली, एक एकदा टोचलेली, एक पाच वेळा टोचलेली अशा रात्रभर ट्रेमध्ये ठेवा आणि सकाळी पुन्हा वजन करा. १ मिली हेक्झेन साधारण ६५५ मिलिग्रॅम भरतं. ३३ मिलिग्रॅम कमी झालं तर पाच टक्के सॉल्व्हंट उडालं, आणि व्हायलमधल्या प्रत्येक घटकाची तीव्रता पाच टक्क्यांहून थोडी जास्त वाढली. हा प्रयोग आपल्या खोलीत, आपल्या झाकणांवर, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा डिसेंबरमध्ये करून आकडे भिंतीवर लावा. दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेचा आकडा इथे कामाचा नाही.

एका सकाळी रावेरकडचा एक मुलगा धावत आला. "ताई, रात्रभर एरिया वाढतच गेलाय, डिटेक्टर बिघडला का?" मी म्हटलं, "आधी इंटर्नल स्टँडर्डचा एरिया काढ." तोही, म्हणजे प्रत्येक व्हायलमध्ये आपणच ठराविक प्रमाणात घातलेल्या पदार्थाचा एरियाही, त्याच प्रमाणात चढला होता, गुणोत्तर जागच्या जागी होतं. म्हणजे डिटेक्टरला दोष देण्याआधी व्हायलींमधलं सॉल्व्हंट उडत होतं का हे तपासायला हवं. आम्ही तपासलं, आणि तसंच निघालं.

म्हणून इंटर्नल स्टँडर्ड सोडू नका. कीटकनाशकांसाठी ट्रायफिनाइल फॉस्फेट, मिथाइल एस्टरसाठी सतरा कार्बनच्या आम्लाचं मिथाइल हेप्टाडेकॅनोएट, हे रुळलेले पर्याय आहेत. सॉल्व्हंट उडालं तरी घटक आणि इंटर्नल स्टँडर्ड यांचं गुणोत्तर टिकतं. मात्र घटक स्वतःच उडून जाण्याइतका हलका असेल तर इंटर्नल स्टँडर्डही त्याला वाचवत नाही. अशा घटकांना थंड होणारा ट्रेच हवा, किंवा सिक्वेन्स (एकामागोमाग चालणाऱ्या इंजेक्शनांची यादी) छोटा करायला हवा.

उष्णतेची आणखी एक बाजू सहसा ध्यानात येत नाही. द्रव तापलं की फुगतं. हेक्झेन १० अंशांनी तापलं तर साधारण १.४ टक्क्यांनी फुगतं, म्हणजे त्याच १ मायक्रोलिटरमध्ये पदार्थ तितका कमी येतो. फ्रीजमधून काढलेली ४ अंशांची व्हायल आणि तासभर ट्रेमध्ये राहून ३० अंशांवर आलेली व्हायल, यांत साडेतीन टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. कॅलिब्रेशनच्या व्हायली थंड आणि नमुन्याच्या गरम, असं झालं तर सगळे नमुने एकाच दिशेने ढळतात आणि पुनरावृत्ती मात्र सुंदर दिसते, म्हणून संशयही येत नाही. सगळ्या व्हायली एकत्र बाहेर काढा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, बाहेरून साचलेला दमटपणा पुसा, मगच ट्रेमध्ये लावा. मोजमापाचे फ्लास्क त्यांच्यावर छापलेल्या ठराविक तापमानासाठी आखलेले असतात, हेही स्टँडर्ड (ज्ञात तीव्रतेचं द्रावण) बनवताना विसरू नका. उन्हाळ्यात स्टँडर्ड सकाळी लवकर बनवलेली बरी.

जीसी भिंतीला चिकटवून ठेवू नका. मागच्या गरम हवेला बाहेर जायला जागा हवी, आणि एसीचा झोत ट्रेवर थेट येता कामा नये, नाहीतर ट्रेचा एक कोपरा थंड आणि दुसरा गरम राहतो.

सिरिंज

ऑटोसॅम्पलरची सिरिंज वेगळी मागवा. हाताने द्यायच्या सिरिंजचं टोक तिरकं कापलेलं असतं, ते इन्लेटच्या सेप्टमचे बारीक तुकडे पाडतं. ऑटोसॅम्पलरसाठी शंकूसारख्या टोकाची सुई येते, ती सेप्टम बाजूला सारत जाते. तुकडे लायनरमध्ये (इन्लेटमधल्या काचेच्या नळीत) पडले की ते नमुना शोषून घेतात आणि नंतर थोडा थोडा सोडत बसतात.

सिरिंजच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी द्रव देऊ नका. १० ची सिरिंज असेल तर १ मायक्रोलिटर ही खालची मर्यादा. अर्धा मायक्रोलिटर हवा असेल तर ५ ची सिरिंज लावा.

काचेची नळी आणि धातूचा प्लंजर एकमेकांसाठी घासून बसवलेले असतात. दोन सिरिंज एकत्र धुताना प्लंजरची अदलाबदल झाली तर दोन्ही सिरिंज गेल्या असं समजा. कोरड्या सिरिंजमध्ये प्लंजर वरखाली करू नका, आधी सॉल्व्हंट ओढा. प्लंजर बाहेर काढल्यावर तो कागदावर नुसता पुसून बघा. मिरचीच्या नमुन्यांनंतर तांबूस डाग उमटतो. मिरचीचं रंगद्रव्य आणि राळ अ‍ॅसिटोनने निघते, हेक्झेनने अर्धवटच. प्लंजर जड लागायला लागला की तो वाकण्याआधी बदला, कारण प्लंजर वाकताना सहसा सिक्वेन्सच्या मधेच वाकतो.

नवी सिरिंज बसवली की सुई हाताने, अगदी हळू, खाली आणून ती इन्लेटच्या मध्यावर येते का ते डोळ्यांनी बघा. इन्लेटचं नट फार आवळलेलं असेल तरी सुई वाकते. इन्लेटचा सेप्टम मी शंभर इंजेक्शनांच्या आसपास बदलते. मिरची जास्त असेल तर त्याआधीच, आणि लायनरही त्याच वेळी उघडून बघते.

वॉशच्या बाटल्यांचा हिशोब

या हिशोबाला पाच मिनिटं लागतात आणि रात्र वाचते.

समजा वॉशसाठी ए आणि बी अशा दोन बाटल्या आहेत, प्रत्येकी ४ मिलीच्या. इंजेक्शनआधी दोन्हींतून दोन-दोन वेळा आणि इंजेक्शननंतर तीन-तीन वेळा सिरिंज धुवायची असं ठरवलं. दर धुण्याला १० च्या सिरिंजमध्ये ८ मायक्रोलिटर ओढलं जातं. म्हणजे ए बाटलीतून एका इंजेक्शनला पाच धुणी, ४० मायक्रोलिटर. सुई बाटलीच्या तळापर्यंत जात नाही, त्यामुळे ४ मिलीतलं साधारण निम्मंच हाताशी असतं. २ मिलीला ४० ने भागा: ५० इंजेक्शनं. त्यानंतर सुई बाटलीत जाते, हवा ओढते, बाहेर येते, आणि सॉफ्टवेअरला काहीही खटकत नाही. वॉश झाला असं नोंदवलं जातं. तिथून पुढचा प्रत्येक नमुना आधीच्या नमुन्याचा अंश घेऊन जातो.

ही गणना थंड खोलीची झाली. वॉशच्या बाटलीचं झाकण उघडंच असतं, मधे फक्त छोटी फट. आपल्या मे महिन्यात न वापरताही तिच्यातलं अ‍ॅसिटोन कमी होतं. म्हणून उन्हाळ्यात मी या आकड्याचा अर्धा धरते: पंचवीस इंजेक्शनं झाली की बाटल्या बदलायच्या. बदलायच्या म्हणजे ओतून, धुऊन, ताज्या भरायच्या. वरून भर घालायची नाही, कारण तळाशी जमलेली घाण तिथेच राहते.

धुतलेलं खरकटं द्रव सोडायची वेस्टची बाटली तर आणखी लवकर भरते. वरच्या उदाहरणात ए आणि बी मिळून ८० मायक्रोलिटर, शिवाय नमुन्यानेच सिरिंज दोनदा विसळायची असेल तर आणखी १६. एका इंजेक्शनला ९६. चाळीस-एक्केचाळीस इंजेक्शनांत ४ मिली भरले. बाटली काठोकाठ भरली की धुतलेली सुई पुन्हा त्याच खरकट्यात बुडते. जमत असेल तर दोन वेस्ट बाटल्या ठेवा आणि सॉफ्टवेअरमध्ये तसं सांगा.

कोणतं सॉल्व्हंट कुठे घालायचं, याचा नियम साधा आहे. नमुना उचलण्याआधी सुईला शेवटचं जे लागेल ते नमुन्याच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळणारं हवं. नमुना हेक्झेनमध्ये आणि शेवटचा वॉश अ‍ॅसिटोनायट्राइलचा, तर दोन्ही मिसळत नाहीत. सुईत बारीक थेंब चिकटून राहतात आणि एरिया उड्या मारतो. मिथेनॉल आणि हेक्झेनचंही पूर्ण पटत नाही. तेलाच्या कामाला बीमध्ये अ‍ॅसिटोन, एमध्ये नमुन्याचंच सॉल्व्हंट, आणि क्रम बी मग ए, हे आमचं ठरलेलं. केळीचा अर्क इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये असेल तर एमध्ये तेच.

पद्धतीतले बाकीचे आकडे

सिरिंजमध्ये द्रव ओढून परत व्हायलमध्ये सोडायचं, असं पाच-सहा वेळा केलं की बुडबुडे निघून जातात. याला पंपिंग म्हणतात. यात नमुना खर्च होत नाही. विसळण्यात मात्र होतो, आणि इन्सर्टमध्ये २०० मायक्रोलिटरच असेल तर दोनदा विसळणं आणि चार इंजेक्शनं यांचा हिशोब आधी करा. द्रव घट्ट असेल तर व्हिस्कॉसिटी डिले दोन ते पाच सेकंद ठेवा, म्हणजे प्लंजर वर गेल्यावर द्रवाला मागोमाग चढायला सवड मिळते. न बदललेलं तेल तसंच कधी देऊ नका, एस्टर करून पातळ केल्याशिवाय ते सिरिंजलाही नको आणि लायनरलाही.

इन्लेटमध्ये १ मायक्रोलिटरची वाफ किती होते याचाही विचार करा. २५० अंश आणि १० पीएसआयला हेक्झेनची वाफ साधारण २०० मायक्रोलिटर भरते. पाण्याची १ मिलीच्याही वर जाते, आणि ४ मिमी व्यासाच्या नेहमीच्या लायनरची पूर्ण जागाच १ मिलीच्या आसपास असते. म्हणजे पाणी राहिलेला अर्क लायनरच्या बाहेर फुगून सेप्टमच्या खाली आणि गॅसच्या नळ्यांत शिरतो, आणि पुढच्या रनमध्ये परत येतो. केळीच्या अर्कात मॅग्नेशियम सल्फेट घालून पाणी काढतो ते यासाठीसुद्धा.

क्रम

आधी सॉल्व्हंट ब्लँक (नुसतं सॉल्व्हंट), मग कीटकनाशक नसलेल्या केळीचा ब्लँक, मग स्टँडर्ड कमीकडून जास्तीकडे, पुन्हा ब्लँक, मग नमुने. दर दहा नमुन्यांनंतर एक मधल्या तीव्रतेचं स्टँडर्ड, शेवटी तेच पुन्हा. केळी आणि मिरची एकाच रात्री चालवायची वेळ आली तर केळी आधी, मिरची शेवटी. ट्रेमध्ये व्हायली लावल्यावर दुसऱ्या माणसाने यादी वाचायची आणि पहिल्याने बोट ठेवून व्हायल दाखवायची. मशीनला जागेचा आकडा कळतो, केळी सावद्याची की फैजपूरची ते कळत नाही.

मागच्याचं पुढे आलं का

१९५७ मध्ये टेक्निकॉन कंपनीने लिओनार्ड स्केग्ज यांच्या कल्पनेवरचा ऑटोअ‍ॅनलायझर बाजारात आणला. त्यात रक्ताचे नमुने एकाच नळीतून एकामागोमाग वाहायचे आणि ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मधे हवेचे बुडबुडे सोडलेले असायचे. आपोआप नमुने घेणाऱ्या यंत्रांना ही चिंता पहिल्यापासून आहे.

आपल्यासाठी ती आकड्यांत मांडू. अनेक कीटकनाशकांना, वेगळी मर्यादा ठरलेली नसेल तर, किलोला ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. समजा एका केळीत १ मिलिग्रॅम सापडलं आणि त्यातला फक्त एक टक्का पुढच्या इंजेक्शनमध्ये आला. पुढच्या शेतकऱ्याच्या स्वच्छ मालावर बरोबर ०.०१ दिसेल. त्याचा कंटेनर अडकेल, आणि त्याने फवारणी केलेलीही नसेल. हे होऊ न देणं हे आपलं काम आहे, त्याचं नाही.

म्हणून तपासणी अशी करा. सगळ्यात तीव्र स्टँडर्ड द्या, त्यामागे तीन ब्लँक, तीन वेगळ्या व्हायलींतून. पहिल्यात थोडं, दुसऱ्यात त्याहून कमी, तिसऱ्यात नाहीच, असं दिसलं तर सिरिंज नीट धुतली जात नाही: धुणी वाढवा, सॉल्व्हंट बदला. तिन्हींत सारखंच दिसलं तर सॉल्व्हंट, व्हायल किंवा सेप्टमच दूषित आहे.

मग एक रन इंजेक्शन न देता चालवा. तापमानाचा कार्यक्रम तोच, पण सुई आत जाणार नाही. तरीही पीक आलं तर घाण इन्लेटमध्ये किंवा कॉलममध्ये बसली आहे, सिरिंज कितीही धुतली तरी जाणार नाही. लायनर बदला, इन्लेटच्या तळाची चकती बघा, कॉलमचं पुढचं टोक थोडं कापा. पीक नाही आलं तर वाट परत व्हायल-सिरिंज-वॉशकडे जाते. ही एक चाचणी केल्याशिवाय काहीही उघडू नका. नाहीतर दिवसभर चांगला भाग बदलत बसाल.

नमुन्यात मर्यादेच्या जवळ काही सापडलं आणि त्याच्या आधीचा नमुना तीव्र असेल, तर तो नमुना नव्या व्हायलमध्ये, ब्लँकनंतर पुन्हा चालवल्याशिवाय अहवालात लिहायचा नाही. आमच्याकडे हे लेखी आहे.

लाइट गेल्यावर

यूपीएसनेही हात टेकले आणि टॉवर सुई खाली असताना थांबला, तर सिरिंज ओढून काढू नका. वीज आली की टॉवर स्वतःहून आपल्या मूळ जागेवर जातो. तोपर्यंत थांबा. मग सुई सरळ आहे का आणि प्लंजर मोकळा फिरतो का ते बघा. कॅरिअर गॅसचा (नमुना कॉलममधून वाहून नेणाऱ्या वायूचा) प्रवाह आधी, ओव्हनची उष्णता नंतर. गॅसशिवाय तापलेला कॉलम खराब होतो.

ज्या व्हायलीला टोचून झालं होतं तिचं झाकण बदला. सिक्वेन्स जिथे थांबला तिथून पुढे नेऊ नका. शेवटचं जे मधलं स्टँडर्ड बरोबर आलं होतं, त्याच्या नंतरचे सगळे नमुने पुन्हा चालवा. एसी बंद असताना खोली किती तापली होती तेही वहीत लिहा. त्यासाठी ट्रेच्या शेजारी, भिंतीवर नव्हे, कमाल-किमान दाखवणारा साधा थर्मामीटर ठेवा.

एचपीएलसीवर (द्रव क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर) काम करणाऱ्यांसाठी थोडंच. तिथे सॉल्व्हंट उडण्याचा त्रास कमी, पण बफरचं मीठ सुईवर आणि सीलवर जमतं. दिवसाच्या शेवटी नीडल वॉशमध्ये पाणी जास्त असलेलं मिश्रण चालवा, मग मिथेनॉल किंवा अ‍ॅसिटोनायट्राइलचं. उन्हाळ्यात नुसत्या पाण्याच्या बाटलीत शेवाळ धरतं, ती दोन-तीन दिवसांनी बदला. बाकी व्हायल, झाकण आणि क्रमाचं वरचं सगळं तिथेही लागू आहे.

सिक्वेन्स संपला आणि उद्या सुट्टी असेल तर सिरिंज टॉवरमध्ये सोडून जाऊ नका. काढा, अ‍ॅसिटोनने धुवा, प्लंजर अर्ध्यावर ठेवून डबीत आडवी ठेवा. वॉशच्या बाटल्या रिकाम्या करून उपड्या घाला, वेस्ट ठरलेल्या कॅनमध्ये ओता, ट्रेमधल्या सगळ्या व्हायलींची झाकणं बदलून फ्रीजमध्ये ठेवा, आणि फ्रीजच्या दारावर तारीख लिहा.